अंगणवाडीतलं पाणी, माती आणि काही पक्के गैरसमज

‘एवढ्याशा लेकरांना काय कळतंय पर्यावरण?’ बीड जिल्ह्यात अंगणवाडीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तीन वर्षांच्या मुलाला हा शब्द कळणार नाही, हे खरं. पण टँकर आला की घराघरांतून हंडे-घागरी का बाहेर येतात, हे त्याला नीट कळतं. जिल्हा पर्जन्यछायेतला, सरासरी पाऊस 700 मिलिमीटरच्याही आत. या वयात मूल ऐकण्यापेक्षा करून शिकतं. तहानेपुरतंच पाणी पेल्यात घेणं, हात धुतलेलं पाणी घमेल्यात धरून शेवग्याच्या आळ्यात ओतणं, हे रोज केलं की अंगवळणी पडतं. 3 ते 8 वयोगटासाठीच्या 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा भरही खेळ आणि अनुभव यांवरच आहे.

लहानग्यांना पर्यावरण शिकवणं हे शहरी खूळ आहे, असंही म्हणतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आसपासच्या पाना-बियांतून, दगड-मातीतून बालशिक्षण उभं केलं. म्हणजे ही वाट महाराष्ट्राच्या खेड्यातलीच आहे. महागडी खेळणी लागत नाहीत, नजर लागते. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ मुबलक. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. मात्र त्याच्या बिया विषारी असतात. मोजायला चिंचोके द्यावेत, तेही सेविकेच्या देखरेखीखाली.

5 जूनला, पर्यावरण दिनी, रोप लावलं, फोटो काढला, की काम झालं, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. त्या दिवसापर्यंत इथे बहुतेकदा पाऊसच आलेला नसतो. एकच रोप लावा, पण चांगल्या पावसानंतर, आणि पुढचा उन्हाळा ते जगेल एवढ्या पाण्याची सोय आधी करून.

आणि ऊसतोड कामगारांची लेकरं? दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयत्यावर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. धाकटी मुलंही सोबत जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. ‘त्यांना शिकवून काय उपयोग, ती तर जाणारच’ हे बोलणं अन्यायाचं आहे. अंगणवाडीचा हक्क गाव सोडल्यावर संपत नाही; कुटुंब जिथे असेल तिथल्या अंगणवाडीत मुलाची नोंद करता येते. शिवाय पाणी संपलं तर काय होईल, अशी भीती या मुलांना घालू नये. ज्या घरात दोन हंड्यांत दिवस निघतो, तिथलं मूल पाण्याच्या उधळपट्टीचं दोषी नाही. पाणी सर्वाधिक पिणाऱ्या पिकांत ऊस आहे आणि तो किती लावायचा, हे मोठी माणसं ठरवतात.

म्हणून पालकांना आणि मुकादमांना विनंती: गाडी भरण्याआधी मुक्कामाचं गाव सेविकाताईंना सांगा, आणि तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या अंगणवाडीत मुलाचं नाव घाला.