बरोबरीचा निवाडा : गोल्फमधील एक जुना वाद

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. तेव्हा कामगार संघटनेत उमेदीची वर्षे घालवलेल्या आमच्यासारख्यांनी या खेळाविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु या खेळात एक प्रश्न असा आहे की, जो वाटाघाटीला बसलेल्या कोणालाही परका वाटू नये. दोघांनी अगदी सारखेच काम केले असता श्रेष्ठ कोण हे ठरवायचे कसे, किती वेळात ठरवायचे, आणि त्या ठरवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा तो प्रश्न. धंदेवाईक गोल्फमध्ये त्यावर जवळजवळ दीडशे वर्षे वाद चालू आहे. त्याची हकीकत सांगून आमचे मतही येथे मांडावयाचे आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी त्याची रीत सांगतो. विस्तीर्ण गवताळ मैदानावर अठरा 'होल' असतात. होल म्हणजे वास्तविक सव्वाचार इंच रुंदीचा एक खळगा. पण जेथून पहिला फटका मारायचा तेथपासून खळग्यापर्यंतच्या साऱ्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालायचा, एवढाच खेळ. प्रत्येक होलला किती फटके रास्त मानायचे हे ठरलेले असते. तीन, चार किंवा पाच. त्याला 'पार' म्हणतात. त्याहून एक फटका कमी लागला तर 'बर्डी', एक जास्त लागला तर 'बोगी'. मोठ्या स्पर्धा गुरुवार ते रविवार अशा चार दिवसांच्या असतात. रोज अठरा होलांची एक फेरी, म्हणजे एकूण बहात्तर होल. ज्याच्या फटक्यांची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. ही बेरीज पावणेतीनशे-दोनशे ऐंशीच्या घरात जाते, आणि तरीही कित्येकदा दोघांची किंवा तिघांची बेरीज तंतोतंत सारखी येते. मग निकालासाठी जो जादा खेळ खेळवतात त्याला 'प्लेऑफ' म्हणतात. वाद आहे तो या प्लेऑफच्या पद्धतीचा.

सर्वांत जुनी स्पर्धा म्हणजे १८६० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे सुरू झालेली ओपन; आपण तिला ब्रिटिश ओपन म्हणतो. १८७६ साली ती सेंट अँड्र्यूज येथे झाली तेव्हा बॉब मार्टिन आणि डेव्ही स्ट्रॅथ यांची बरोबरी झाली. परंतु स्ट्रॅथविरुद्ध एक तक्रार होती. सतराव्या होलवर पुढचा गट हटण्यापूर्वीच त्याने चेंडू मारला, असा आक्षेप होता. पंचमंडळाने ठरवले की आधी प्लेऑफ खेळवावा आणि तक्रारीचा निकाल मागाहून पाहावा. स्ट्रॅथने साफ नकार दिला. त्याचे म्हणणे सरळ होते. तक्रारीचा निकाल माझ्याविरुद्ध जाणार असेल तर मी खेळून उपयोग काय? आधी निकाल द्या, मग खेळतो. तो आला नाही. मार्टिन एकटाच मैदानावर गेला आणि विजेता ठरला. आम्हांला हा स्ट्रॅथ फार जवळचा वाटतो. आधी काम करा, अटींचे मागाहून पाहू, असे ज्यांना आयुष्यात अनेकदा ऐकावे लागले आहे त्यांना त्याचा नकार समजावून सांगण्याची गरज नाही. बरोबरी कशी सोडवायची हा नियम बरोबरी होण्यापूर्वीच पक्का हवा, हा पहिला धडा त्या प्रसंगाने घालून दिला.

त्या काळी न्यायाची कल्पना अशी होती की, दीर्घ कामाची बरोबरी दीर्घ कामानेच सुटावी. ओपनमध्ये पुढे १९६३ सालापर्यंत प्लेऑफ छत्तीस होलांचा असे. अमेरिकेच्या ओपनमध्ये या कल्पनेची परमावधी १९३१ साली टोलेडो येथे झाली. बिली बर्क आणि जॉर्ज व्हॉन एल्म यांची बहात्तर होलांनंतर २९२ अशी बरोबरी झाली. छत्तीस होलांचा प्लेऑफ खेळवला, दोघांचे १४९. पुन्हा छत्तीस होल खेळवले, तेव्हा बर्कचे १४८ आणि व्हॉन एल्मचे १४९ झाले. म्हणजे एकशे चव्वेचाळीस होल खेळून, दोन आख्ख्या स्पर्धांइतके श्रम करून, फरक निघाला तो एका फटक्याचा. यानंतर तेथील नियामक संस्थेने, युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने, प्लेऑफ अठरा होलांवर आणला.

लांब प्लेऑफच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष १९१३ सालची आहे. बॉस्टनजवळील ब्रुकलाइन येथे फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या हौशी खेळाडूने हॅरी व्हार्डन आणि टेड रे या इंग्लंडच्या दोन नामांकित धंदेवाईकांशी बरोबरी केली. विमेटचे घर मैदानासमोरच, रस्त्यापलीकडे होते. याच मैदानावर तो पोरवयात कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या, म्हणून राबला होता. प्लेऑफमध्ये त्याची स्वतःची पिशवी वाहायला होता दहा वर्षांचा एडी लॉवरी. प्लेऑफ अठरा होलांचा झाला. विमेटचे ७२, व्हार्डनचे ७७, रेचे ७८. हा निकाल एका होलवर लागला असता, तर लोक म्हणाले असते की पोराचे नशीब जोरावर होते. पाच आणि सहा फटक्यांचा फरक पडल्यावर कोणालाच तसे म्हणता आले नाही. नावाजलेल्या माणसाला एक होल पुरतो. अनोळखी माणसाला आपली योग्यता सिद्ध करायला अवधी लागतो.

आता दुसरी बाजू पाहू. अठरा होलांचा प्लेऑफ म्हणजे सोमवारची आणखी एक पाळी. पहाटे गवत कापणारे माळी, फाटकावरचे रखवालदार, उपाहारगृहातले नोकर, फटके मोजणारे स्वयंसेवक, कॅडी, या सर्वांना आणखी एक दिवस उभे राहावे लागते. प्रेक्षकांपैकी बहुतेकांना सोमवारी कामावर जायचे असते. खेळाडूंना पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेचे गाव गाठायचे असते. शिवाय दूरचित्रवाणीच्या कंपन्या रविवारच्या संध्याकाळसाठी पैसे मोजतात. त्यांना निकाल त्याच संध्याकाळी हवा असतो. या साऱ्यातून 'सडन डेथ', म्हणजे आकस्मिक मृत्यू, ही पद्धत पुढे आली. एकेक होल खेळायचा, आणि ज्या होलवर एकाचे फटके कमी भरतील तेथेच खेळ खलास. फटके मोजून निकाल लावणाऱ्या चार प्रमुख स्पर्धांत ती प्रथम १९७७ साली पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वापरली गेली. मास्टर्स स्पर्धेत १९७९ साली.

या पद्धतीला सोडतीची उपमा देतात, ती उगीच नाही. अठरा होलांत लांब होल असतात, आखूड असतात, पाण्याकाठचे असतात, वाकडे असतात. सगळ्यांची बेरीज घेतली की कोणाच्या अंगच्या गुणांना झुकते माप मिळत नाही. एकच होल निवडला की ती निवडच कोणाच्या तरी पथ्यावर पडते. लांब पल्ल्याच्या होलवर ताकदीच्या माणसाचे फावते, अरुंद होलवर नेमक्या हाताचे. आणि चुकलेला एक फटका भरून काढायला पुढे होलच उरत नाही.

होलांच्या संख्येने निकाल कसा फिरतो याचे उत्तम उदाहरण १९८९ सालच्या ओपनचे आहे. त्या वर्षी रॉयल ट्रून येथे चार होलांच्या बेरजेची पद्धत प्रथमच वापरली गेली. ग्रेग नॉर्मन, वेन ग्रेडी आणि मार्क कॅल्कावेकिया यांची बरोबरी होती. नॉर्मनने शेवटच्या दिवशी ६४ फटक्यांत फेरी संपवली होती आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर त्याने बर्डी केली. इतर दोघांना ती साधली नाही. सडन डेथ असती तर नॉर्मन तेथेच विजेता झाला असता. परंतु चार होल मोजायचे होते. तिसऱ्या होलवर त्याची बोगी झाली, चौथ्यावर त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला आणि त्याला तो होल पुराही करता आला नाही. कॅल्कावेकियाने चार होल तेरा फटक्यांत संपवून स्पर्धा जिंकली. म्हणजे खेळाडू तेच, दिवस तोच, मैदान तेच; केवळ नियमाच्या कलमावर विजेता बदलला. नियम हा तटस्थ असतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

अठरा होलांची जुनी रीत प्रमुख स्पर्धांत शेवटपर्यंत टिकवली ती अमेरिकेच्या ओपनने. २००८ साली टोरी पाइन्स येथे टायगर वुड्स, डाव्या पायाच्या हाडाला चिरा गेलेल्या अवस्थेत, पंचेचाळीस वर्षांच्या रॉको मीडिएटशी सोमवारी अठरा होल खेळला. मीडिएट तीन फटक्यांनी मागे पडला होता, तो पुढे आला, शेवटच्या होलवर वुड्सने बर्डी करून पुन्हा बरोबरी साधली, दोघांचे ७१. मग सडन डेथच्या एका होलवर, म्हणजे स्पर्धेच्या एक्क्याण्णवाव्या होलवर, वुड्स जिंकला. लांब प्लेऑफचे समर्थक आजही त्या सोमवारचे नाव काढतात. परंतु २०१८ साली त्या संस्थेने ही रीत सोडून दोन होलांची बेरीज आणली. रविवारीच निकाल हवा, असाच बहुतेकांचा कौल असल्याचे तिने सांगितले. २०१९ साली ब्रिटिश ओपन चारांवरून तीन होलांवर आली. पीजीए चॅम्पियनशिप २००० सालापासून तीन होल मोजते. मास्टर्समध्ये मात्र अजून सडन डेथच आहे.

येथवर झाले ते वेळेचे. पैशाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा आम्हांला फारशी आढळत नाही. २०२५ सालच्या मास्टर्समध्ये रोरी मॅकिलरॉय आणि जस्टिन रोझ यांचे चार दिवसांचे फटके सारखे झाले, २७७. प्लेऑफ एका होलचा झाला. मॅकिलरॉयला तीन फटके लागले, रोझला चार. मॅकिलरॉयला ४२ लाख डॉलर मिळाले, रोझला २२ लाख ६८ हजार. चार दिवस सारखे काम, आणि एका फटक्याला १९ लाख ३२ हजार डॉलर! हाच रोझ २०१७ सालीही याच मैदानावर सर्जिओ गार्सियाशी बरोबरी करून एका होलवर हरला होता. शिवाय कॅडीचा हिस्सा खेळाडूच्या बक्षिसावर असतो. प्रत्येकाचा करार निराळा असला तरी विजयाला दहावा हिस्सा हा सर्वसाधारण रिवाज आहे. तेव्हा तो फटका एकट्या खेळाडूचा नसतो.

गंमत अशी की, याच खेळात खालच्या क्रमांकांवर बरोबरी झाली तर कोणी प्लेऑफ खेळवत नाही. पाचव्या जागेवर तिघे आले, तर पाचव्या, सहाव्या आणि सातव्या बक्षिसांची रक्कम एकत्र करून तिघांत सारखी वाटतात. प्लेऑफमध्ये दोघे हरले तर तेही दुसरे-तिसरे बक्षीस असेच वाटून घेतात. म्हणजे समान कामाला समान दाम, हे तत्त्व गोल्फला ठाऊक आहे. फक्त पहिल्या पायरीवर ते थांबते.

तेही नेहमीच थांबले आहे असे नाही. १९४९ साली अमेरिकेतील मोटर सिटी ओपनमध्ये केरी मिडलकॉफ आणि लॉइड मँग्रम हे सडन डेथचे अकरा होल खेळले, तरी निकाल लागेना. अंधार पडला. तेव्हा दोघांच्या संमतीने दोघांनाही विजेते ठरवले गेले. आपल्या आखाड्यांत तुल्यबळ मल्लांची कुस्ती बरोबरीत सोडतात, तसेच हे झाले. त्यात दोघांपैकी कोणाचाही मान गेला नाही. अलीकडचा दाखला १ ऑगस्ट २०२१ या एकाच दिवसाचा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या दिवशी गोल्फच्या कांस्यपदकासाठी सात जणांत सडन डेथ खेळवावी लागली आणि तैवानचा सी. टी. पॅन चौथ्या जादा होलवर ते घेऊन गेला. त्याच दिवशी उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी यांनी पुढे उडी न मारता सुवर्णपदक वाटून घेतले. त्यांच्या खेळाच्या नियमांत तशी मुभा होती. त्या सुवर्णाचे तेज कमी झाले असे आम्हांला तरी दिसत नाही.

कोणी म्हणेल, खेळाडूंना नियम आधीच ठाऊक असतो, मग अन्याय कसला? आधी ठाऊक असलेला नियम फसवणूक करीत नाही, हे खरे. स्ट्रॅथने मागितले ते एवढेच होते. परंतु फसवणूक नसणे आणि न्याय असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कोणी असेही म्हणेल की, हरण्याची धास्ती नसेल तर लोक पाहायला कशाला येतील? त्यालाही आमचा विरोध नाही. लोकांना विजेता पाहायचा असतो. तो एकच असावा.

म्हणून आमचे मत असे आहे. चषक आणि किताब यांचा निवाडा खेळूनच व्हावा, आणि तो तीन होलांच्या बेरजेने व्हावा. त्यात एका चुकीने सर्वनाश होत नाही, तीन निरनिराळ्या होलांवर निरनिराळ्या गुणांची परीक्षा होते, आणि सोमवारची जादा पाळीही बहुधा टळते. पैशाचा निवाडा मात्र बहात्तर होलांवर व्हावा. पहिले आणि दुसरे बक्षीस एकत्र करून बरोबरीवाल्यांत सारखे वाटावे. २०२५ सालच्या हिशेबाने मॅकिलरॉय व रोझ यांना प्रत्येकी ३२ लाख ३४ हजार डॉलर मिळाले असते, आणि विजेत्याचा मान मॅकिलरॉयचाच राहिला असता.

हे अशक्य आहे असे कोणी समजू नये. छत्तीसांचे अठरा झाले, अठरांचे दोन झाले. हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. १९६८ साली अमेरिकेतील स्पर्धा खेळणारे धंदेवाईक आपल्या मातृसंस्थेशी भांडून वेगळे झाले आणि स्पर्धांचा कारभार व दूरचित्रवाणीचा पैसा यांवर त्यांनी आपला अधिकार मिळवला. जे खेळाडू एकजुटीने एवढे करू शकले, त्यांना नियमपत्रात एक ओळ घालून घेणे जड नाही. त्यासाठी आज जिंकणाऱ्याने, उद्या आपणही हरणारा असू शकतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.