रंगरूट, उस्ताद आणि खजिना

सैन्यभरतीची हांक एका दिवसांत देतां येते. परंतु शिपाई एका दिवसांत तयार होत नाहीं. किती रंगरूट येतील, त्यांना शिकवावयास किती माणसें लागतील आणि खजिन्यांतून किती पैसा काढावा लागेल, याचा अंदाज आधींच बांधावा लागतो. तो कसा बांधतात, हें आज आपण पाहूं.

समजा, वर्षाला ९,००० तयार शिपाई हवे आहेत. आजार, दुखापत किंवा अपात्रता यांमुळें शंभर रंगरुटांपैकीं दहा गळतात असें धरलें, तर १०,००० घ्यावे लागतील. शिक्षण सहा महिन्यांचें असून भरती वर्षभर सारखी चालली, तर एका वेळीं छावणींत सुमारें ५,००० रंगरूट असतील. वीस जणांमागें एक उस्ताद या हिशेबानें २५० उस्ताद झाले. रजा व आजारपण यांसाठीं आणखी २५ जोडावे. पण तेच १०,००० रंगरूट एकाच महिन्यांत आले, तर उस्ताद, बराकी, बंदुका सारेंच दुप्पट लागेल. आणि पुढें निम्में वर्ष तें रिकामें पडेल. म्हणून वर्षाच्या बेरजेइतकेंच महिन्यांच्या वांटणीला महत्त्व आहे.

खर्चाचेही दोन भाग पडतात. धान्य, गणवेश, काडतुसें यांचा खर्च माणशीं वाढतो. बराकींची देखभाल व उस्तादांचे पगार मात्र रंगरूट कमी आले तरी चुकत नाहींत. दोहोंना एकाच दरानें गुणलें, कीं अंदाज फसला.

इंग्लंडांत १९१४ च्या ऑगस्टांत लॉर्ड किचनेर यांनीं पहिल्या १,००,००० स्वयंसेवकांना हांक दिली. सप्टेंबरच्या ३ तारखेस एका दिवसांत ३३,००० हून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. तंबू, गणवेश, बंदुका सारेंच अपुरें पडलें. कित्येकांनीं लांकडी बंदुका घेऊन कवाईत केली. ११ सप्टेंबरला उंचीची अट ५ फूट ३ इंचांवरून ५ फूट ६ इंचांवर नेऊन ओघ आंवरावा लागला. शिकवावयास निवृत्त सार्जंट परत बोलाविले. हिंदी सैन्यांतील रजेवर आलेले सुमारें ५०० इंग्रज अधिकारीही ठेवून घेतले. वास्तविक त्या सैन्याच्या तुकड्याही तेव्हां फ्रान्सकडे निघावयाच्या होत्या, आणि त्यांना या अधिकाऱ्यांची गरज होतीच. उस्ताद हा बहुधा असा आघाडीकडूनच उसना घ्यावा लागतो.

या घाईची किंमत पुढें दिसली. १९१५ च्या २६ सप्टेंबरला लूसच्या लढाईंत नव्या सैन्याच्या २१ व्या व २४ व्या डिव्हिजनांचे आठ हजारांहून अधिक लोक कांहीं तासांत मारले गेले, जखमी झाले वा हरवले. लांबची पायपीट, उपास आणि तोफांचा तोकडा आधार हींही कारणें होतींच. पण अननुभवही त्यांत होता.

आपल्याकडे २०२२ मध्यें अग्निपथ योजना आली. तींत सेवा चार वर्षांची असून, पुढें चौथाईपर्यंत सैनिकांनाच कायम करण्याची तरतूद आहे. सेवेचा काळ आंखडला, कीं तेवढेंच सैन्य राखण्यास दरवर्षीं अधिक रंगरूट लागतात. अर्थात् बेळगांवच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रासारख्या ठिकाणीं उस्तादही अधिक लागतात. म्हणून भरतीचा आंकडा वाचतांना, शिकविणारे किती, हा प्रश्न प्रत्येक सुजाण नागरिकानें अवश्य विचारावा.