गश्ती निशान ५३ आणि सीमेपलीकडचा छापखाना

वृत्तपत्रांवरील दडपशाही म्हटली की आपल्याला लोकमान्यांचे खटले आठवतात: १८९७ साली दीड वर्षाची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा. पण नांदेड-लातूरकडचा अनुभव निराळा होता. इंग्रजी मुलखात आधी लेख छापून येई, मग खटला उभा राही. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, लेख छापण्याआधीच वाट अडवलेली असे.

या कारभाराचे मर्म ‘गश्ती निशान ५३’ या हुकमात दिसते. गश्ती म्हणजे परिपत्रक, निशान म्हणजे क्रमांक. १९२९ च्या या गश्तीने जाहीर सभेला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली. वृत्तपत्र काढायलाही परवानगी लागे. परवानगी मिळाली नाही की विषय संपला. ना आरोपी, ना वकील, ना निकालपत्र. गश्तीपूर्वीही स्थिती फारशी बरी नव्हती. म्हणूनच संस्थानी प्रजेची राजकीय परिषद काकीनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) आणि अकोला (१९३१) अशी संस्थानाबाहेरच भरत राहिली.

जे परिषदेचे, तेच पत्राचे. हैदराबादेत लक्ष्मणराव फाटकांचे ‘निजाम विजय’ १९२० पासून निघत होते. पण आ. कृ. वाघमारे यांनी १९३७-३८ च्या सुमारास ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते पुण्याहून. काळ धामधुमीचा होता. महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला, १९३८ मध्ये लातूरला झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेआधीच बंदी आली. वाचक मोगलाईत आणि छापखाना पुण्यात, असा हा संसार. निजाम सरकारने पत्राला संस्थानात बंदी केली की वाघमारे नाव बदलून तेच पत्र पुन्हा काढीत. हे अनेकदा घडले. बंदी नावावर होती, म्हणून नवे नाव हीच तिच्यातली पळवाट ठरली.

सीमा तशी हाकेच्या अंतरावर होती. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर मोगलाईत. १९११ पासून दोन्ही गावे बार्शी लाइट रेल्वेने जोडलेली. एकाच गाडीच्या प्रवासात राज्य आणि कायदा बदलत असे.

तरी पुणे म्हणजे मोकळे रान नव्हे. संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लेखनावर इंग्रज सरकारने १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये कायदे केले होते. म्हणजे निजामावर टीका करणाऱ्याला दोन्हीकडून धाक होता.

हा प्रश्न एका भाषेचा किंवा धर्माचा नव्हता. हैदराबाद भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे उर्दू ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. पोलीस कारवाईला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

जप्त झालेल्या पुस्तकांची यादी करता येते. परवानगीअभावी जन्मालाच न आलेल्या पत्रांची यादी कुठून करणार? मराठवाड्याच्या मुद्रणाचा इतिहास तोकडा दिसतो, त्यामागे लेखणीचे दारिद्र्य नव्हे, ही न दिलेली परवानगीही आहे. आणि म्हणून माळ्यावरच्या पेटीत जुना अंक सापडला, तर केवळ नाव अनोळखी आहे म्हणून तो रद्दीत टाकू नये. संपादकाचे नाव आधी वाचावे. कदाचित ते बंदीनंतरचे नवे नाव असेल.