नरपडच्या वाटेवर 17,000 कान

डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीला जाणारा किनाऱ्याचा रस्ता सुमारे 17 किलोमीटरचा. त्याच्या कडेने खांबाखांबावरून ऑप्टिकल फायबरची एक केबल टांगली आहे असं समजू. डहाणूच्या टोकाला एक यंत्र जोडलं, तर मीटरला एक या हिशेबाने वाटेवर 17,000 कान उगवतात. मधे कुठे मायक्रोफोन नाही की बॅटरी नाही.

ही नुसती कल्पना नाही. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला एनईसी लॅबोरेटरीजच्या अशाच केबलने जून 2021मध्ये सिकाडा नावाचे किडे ऐकले. 17 वर्षं जमिनीत मुळांचा रस पीत राहायचं आणि मग सगळ्यांनी एकदमच वर यायचं, अशी ही जमात. दाटी असेल तिथे एकरी 15 लाखांपर्यंत. आधीची खेप 2004ची, पुढची 2038ची. आपल्याकडे मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात दर चार वर्षांनी येणारी एक जात आहे: 2010, 2014, 2018, 2022. फुटबॉल वर्ल्ड कपचीच सालं!

प्रिन्स्टनच्या केबलने पकडलेला सूर सेकंदाला सुमारे 1,330 कंपनांचा होता. तासभर अखंड चालला तर जवळजवळ 48 लाख कंपनं. हवा तापली-निवली की तो 1,200 ते 1,500च्या मधे सरकायचा, तेही नोंदलं गेलं.

काचेला ऐकू येतं कसं? तंतूची जाडी 125 मायक्रॉन आणि प्रकाश धावतो तो गाभा जेमतेम 9. यंत्र लेझरचा एक स्पंद आत सोडतं. काच कितीही शुद्ध असली तरी वाटेतल्या प्रत्येक बिंदूपासून किंचित प्रकाश मागे फिरतो. आवाजाने केबल थरथरली की काच ताणली जाते, मीटरमागे मीटरचा अब्जावा भाग एवढीच, आणि परतणाऱ्या प्रकाशात तेवढ्यानेही फरक पडतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला 2 लाख किलोमीटर, म्हणजे प्रत्येक मीटरचं उत्तर आधीच्या मीटरनंतर 10 नॅनोसेकंदांनी येतं. थरथर नरपडची की घोलवडची, ते यावरून कळतं.

मला खरा चक्रावणारा वाटतो तो पुढचा हिशेब. एवढा वेगवान प्रकाश इथे कमी पडतो. पहिल्या स्पंदाची सगळी उत्तरं परतल्याशिवाय दुसरा सोडता येत नाही, नाहीतर बोर्डीचं उत्तर आणि डहाणूचं उत्तर एकमेकांत मिसळतील. बोर्डीला जाऊन यायला प्रकाशाला सेकंदाचे 170 दशलक्षांश भाग लागतात, म्हणून सेकंदाला फार तर 5,900 स्पंद. आणि कुठलाही सूर ओळखायचा तर त्याच्या कंपनांच्या दुपटीहून जास्त वेळा ऐकावं लागतं. म्हणजे आपल्या केबलची मजल 2,900 कंपनांपर्यंत. सिकाडा त्यात आरामात बसतो. रातकिडा मात्र चार-पाच हजारांवर किरकिरतो; त्याच्यासाठी केबल 10 किलोमीटरच्या आत आवरायला हवी. उलट तीच केबल रेल्वेच्या कडेने चर्चगेटपर्यंत 124 किलोमीटर ताणली, तर ती 400 कंपनांच्या वरचं काही ऐकूच शकणार नाही. केबल जितकी लांब, तितकी बहिरी.

आता साठवण. 17,000 जागा, सेकंदाला 5,000 नोंदी, नोंदीला दोन बाईट: दिवसाला साडेचौदा टेराबाईटहून जास्त. त्यातला बहुतेक भाग सुरूच्या झाडांतला वारा, भरतीची गाज आणि जाणारे टेम्पो. किडा शोधण्याआधी हे सगळं वेगळं काढून टाकावं लागतं, आणि माझ्या मते खरी मेहनत तिथेच आहे.

पण किड्याऐवजी भूकंप ऐकायचा असेल, तर चर्चगेटपर्यंतच्या लांब केबलची 400 कंपनंही भरपूर होतात. त्याचे हादरे सेकंदाला मोजक्या ते काही डझन कंपनांचे. नोव्हेंबर 2018पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, लहान-मोठ्या धक्क्यांची रांग लागली, तेव्हा तिथे भूकंपमापकं नेऊन बसवावी लागली होती. या कामाला फायबर चालतं, मात्र केबल खांबावरून उतरवून मातीत घट्ट पुरावी लागते, कारण वाऱ्यावर झुलणारी केबल जमिनीचं काही नीट सांगत नाही. किड्यासाठी वर आणि भूकंपासाठी खाली, अशा दोन वेगळ्या केबली टाकाव्या लागतील.