आगीत लपायचे नाही, बाळांनो!

१४ एप्रिल म्हणजे आपल्याला बाबासाहेबांची जयंती. परंतु त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळतात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील कापसाला आग लागली. त्याच जहाजात दारूगोळा भरलेला होता. आग विझविताना झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह असतो. या सप्ताहात आपल्या मुलांसाठी एक तास काढावा, अशी आमची माता-भगिनींना विनंती आहे. कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका चाळीत भर दुपारी आग लागली. आम्ही धावत गेलो. आई बाहेर, शेजारी बाहेर, पण पाच वर्षांची मुलगी कुठेच दिसेना. शेजाऱ्यांनी ओली गोणपाटे टाकून आग विझवली. मुलगी सापडली ती कॉटखाली, पत्र्याच्या पेटीमागे. धुराने घुसमटली होती, पण वाचली. “बाहेर का नाही आलीस गं?” विचारले, तर म्हणाली, “आई मारेल.” काडी तिनेच ओढली होती.

आम्हाला त्या रात्री जेवण गेले नाही. लहान मूल आगीत पळत नाही, लपते. त्यातून मार बसण्याची भीती असेल तर अधिकच. म्हणून पहिली गोष्ट आईबापांनी शिकावी : काडेपेटी, लायटर उंचावर ठेवावे आणि “तुझ्या हातून झाले तरी ओरडत बाहेर ये, मारणार नाही” असे मुलाला शांतपणे सांगून ठेवावे.

सद्धर्मपुंडरीक सूत्रात जळत्या घराची कथा आहे. खेळात दंग मुले बापाचे ओरडणे ऐकत नाहीत, तेव्हा तो बाहेर खेळण्यातल्या गाड्या ठेवल्यात असे सांगून त्यांना बाहेर काढतो. आम्हीही अंबरनाथ-बदलापूरच्या विहारांत रविवारच्या बालवर्गात खेळच केला. थाळी वाजली की धूर आला असे समजून गुडघ्यांवर रांगत दार गाठायचे, कारण धूर वर चढतो आणि खाली श्वास घेता येतो. बाहेर एकच ठरलेली जागा : नळ किंवा झाड. तिथे मोजणी. परत आत जायचे नाही. कपडे पेटले तर धावायचे नाही. थांबायचे, आडवे व्हायचे, तोंड झाकून लोळायचे. भाजले तर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. वंदनेची मेणबत्ती मोठ्यांनीच लावावी, नायलॉनचे फ्रॉक तर वितळून अंगाला चिकटतात.

एका मुलाने विचारले, “बाबासाहेबांचा फोटो तरी आणायचा ना?” आम्ही म्हटले, “नाही रे. फोटो नवा आणू.” तो बराच वेळ नाराज होता.

जमल्यास मुलांना अग्निशमन केंद्रात न्यावे. मुखवटा घातलेला जवान पाहून मुले घाबरतात आणि आणखी आत लपतात. एकदा त्याला हात लावून पाहिले की भीती जाते.

राहिला पत्ता. १०१ किंवा ११२ फिरवून मूल नुसते “आमच्या घरी” म्हणाले, तर बंब येणार कुठे? उल्हासनगरात कॅम्प नंबर, चाळीचे नाव, जवळचे विहार किंवा शाळा एवढे पाठ हवे. आमच्या वर्गातल्या अकरा मुलांपैकी तिघांनाच ते सांगता आले. येत्या रविवारी पुन्हा विचारणार आहोत.