खून पहिल्या पानावर, किस शेवटच्या पानावर!

एक साधा प्रश्न विचारते. ज्या पुस्तकाचा शेवट ते हातात घेण्याआधीच माहीत आहे, त्याची तुम्ही कॅलेंडरवर तारखेला गोल करून वाट बघाल का? खुनी सापडणार. हिरो-हिरॉइनचं जुळणार. आणि त्याआधी दोघांचंही देवाशी जुळलेलं असणार. एकदम गॅरंटीड! तरीसुद्धा या पुस्तकांचे फॅन्स नव्या भागासाठी महिनोन् महिने झुरतात, प्री-ऑर्डर करून ठेवतात, आधीच्या भागाच्या शेवटी छापलेलं नव्या भागाचं पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा वाचतात. आणि हो, त्या फॅन्समध्ये सध्या अस्मादिकही आहेत.

या प्रकाराचं नाव ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स. नाव ऐकून डोळ्यांसमोर प्रवचन आलं ना? साहजिक आहे. पण पहिल्या चार पानांत एक तरी बॉडी पडते, म्हणून म्हणते, जरा थांबा.

बॉडी चालेल, बेडरूम नाही

ही पुस्तकं मुख्यतः अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला घट्ट धरून चालणाऱ्या प्रॉटेस्टंट वाचकांसाठी निघतात. त्यांचे काही नियम ठरलेले. शिव्या नाहीत. लग्नाआधी बेडरूम नाही. हिरो जखमी झाला तर हिरॉइन बँडेज बांधणार, तेवढ्यात नजरानजर होणार, आणि त्या एका नजरेवर अख्खं पान निघणार. बस्स! पण खून, बॉम्ब, किडनॅपिंग, वीस वर्षं सूड धरून बसलेला माथेफिरू... हे सगळं फुल टू चालतं. आपल्या जुन्या हिंदी सिनेमात नाही का, हिरो-हिरॉइनच्या जागी दोन फुलं एकमेकांना टेकायची आणि व्हिलन मात्र बिनधास्त सुरे खुपसायचा. तसाच फंडा.

गंमत म्हणजे, ज्याला मनाई त्याचंच टेन्शन वाढतं. तीनशे पानं दोघं एकमेकांच्या हाताला हात लागू नये म्हणून धडपडतात, तेव्हा शेवटी लागलेला हात जाम इफेक्टिव्ह वाटतो. हल्लीच्या वेब सिरीजमध्ये पहिल्या एपिसोडच्या आठव्या मिनिटाला जे होऊन जातं, त्याला हा परिणाम साधत नाही, हे माझं प्रामाणिक मत.

या दुकानाची पाटी तशी जुनी. कॅनडाच्या जेनेट ओकची 'लव्ह कम्स सॉफ्टली' १९७९ साली आली. प्रेअरीत राहणारा एक विधुर, त्याची लहान मुलगी, आणि नुकतीच विधवा झालेली, जायला दुसरी जागा नसलेली एक तरुणी. आधी सोयीचं लग्न, मग सावकाश प्रेम. ती एवढी चालली की प्रकाशकांना इथे मार्केट आहे हे कळून चुकलं. १९९७ मध्ये हार्लेक्विननं 'लव्ह इन्स्पायर्ड' ही मालिका काढली आणि २००५ मध्ये तिची सस्पेन्सवाली बहीण आली. हार्लेक्विन म्हणजे तीच कंपनी, जिच्याकडे आपल्या मावश्या-आत्यांनी कॉलेजच्या वह्यांत लपवून वाचलेलं मिल्स अँड बून आहे! एकाच घरातून एका दारानं ते येतं आणि दुसऱ्या दारानं हे. त्यात २०१४ मध्ये हार्लेक्विन हार्परकॉलिन्सनं घेतली. झोंडरव्हन आणि थॉमस नेल्सन ही दोन मोठी ख्रिश्चन प्रकाशनंही तोवर त्यांच्याकडेच आलेली होती. म्हणजे ही सगळी सात्त्विक प्रेमप्रकरणं आज रुपर्ट मर्डोक फॅमिलीच्या छत्राखाली चालतात. घ्या!

लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्सची पुस्तकं साधारण ५५ हजार शब्दांची. दादर ते विरार अशा आठवडाभराच्या खेपांत एक सहज संपतं. नवी दर महिन्याला येतात. पण खरी वाट बघायला लावतात त्या मोठ्या कादंबऱ्या. आणि इथे डी हेंडरसन या बाईंचं नाव घ्यावंच लागेल.

सात भावंडं आणि एक लांबलचक गॅप

हेंडरसनची 'द निगोशिएटर' २००० साली आली. केट ओ'मॅली ही पोलिसातली होस्टेज निगोशिएटर. ओलिसांना सोडवण्यासाठी गुन्हेगाराशी बोलत बसायचं, हे तिचं काम. एका बँकेत बॉम्ब घेऊन बसलेला माणूस, ओलिसांमध्ये अडकलेला एफबीआय एजंट डेव्ह रिचमन, आणि समोर शांतपणे बोलणारी केट. दोघांची भेट होते ती अशी! कॉफी शॉपबिफॉप काही नाही. केट आणि तिची भावंडं मिळून सात. रक्ताचं नातं कुणाचंच नाही, अनाथाश्रमात वाढलेल्या सात पोरांनी ठरवून एक आडनाव घेतलंय. प्रत्येक पुस्तकात एकेकाचा नंबर. मार्शल, फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट, फायरमन, पॅरामेडिक... २००३ च्या 'द रेस्क्यूअर'पर्यंत हे चाललं.

आता तुम्हीच सांगा, पाच भावंडांचं मार्गी लागलेलं बघितल्यावर सहाव्याचं काय झालं हे न वाचता राहवेल का? सस्पेन्स संपला तरी माणसं उरतात, हीच या मालिकांची ट्रिक आहे. पुढे बऱ्याच जणींनी ती उचलली. आयरीन हॅननच्या 'गार्डियन्स ऑफ जस्टिस'मध्ये तीन भावंडं, डॅनी पेट्रीच्या अलास्कातल्या मॅकेना घरात पाच. टेरी ब्लॅकस्टॉक तर याहून वाईट! ही बाई आधी टोपणनावानं नेहमीचे रोमान्स लिहायची, नंतर इकडे वळली. २०१६ ची तिची 'इफ आय रन' वाचा. मित्राच्या खुनाचा आळ आलेली केसी पळतेय, डिलन तिला शोधायला निघालाय, आणि ऐन मोक्याच्या क्षणी पुस्तक संपतं. पुढचं २०१७ मध्ये, शेवटचं २०१८ मध्ये. मी तिन्ही एकदम वाचली म्हणून वाचले. ज्यांनी वर्ष-वर्ष काढलं त्यांना साष्टांग नमस्कार.

आणि हेंडरसनचे वाचक? तिची २००६ नंतरची पुढची कादंबरी आली थेट २०१२ मध्ये. मग २०१३ साली आलं 'जेनिफर'. ही ओ'मॅलींपैकी सगळ्यांत धाकटी, कॅन्सर झालेली. सगळ्या मालिकेत भावंडांना देवाकडे ओढणारी तीच, पण तिची स्वतःची लव्ह स्टोरी मात्र तोवर सांगायची राहून गेली होती. पहिल्या पुस्तकापासून धरलं तर तेरा वर्षं! एवढ्या काळात आपल्याकडे मुलं पहिलीतून बारावीला जातात.

खरा सस्पेन्स वेगळाच

पण खुनी कोण, यासाठी ही पुस्तकं कुणी वाचत नाही. खुनी चाणाक्ष वाचकाला अर्ध्यात कळतो. खरा सस्पेन्स असा: दोघांपैकी एक श्रद्धाळू आहे, दुसरा नाही. डेव्ह मानतो, केट मानत नाही. आणि जोवर ती मानत नाही, तोवर डेव्ह पुढचं पाऊल टाकणार नाही. प्रेम कितीही असो. हा नियम बायबलमधल्या 'करिंथकरांस दुसरे पत्र'च्या सहाव्या अध्यायातून आलाय. विश्वास असणाऱ्यानं नसणाऱ्याबरोबर एका जुवाला स्वतःला जुंपून घेऊ नये, असा त्याचा भावार्थ. गाव माहीत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. एक बैल उंच आणि एक बुटका असला की गाडीचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

हे मी बायबल उघडून बघितलं, त्याला कारण आहे. माझा होणारा नवरा वसईचा, कॅथलिक. मी डोंबिवलीची, दीड दिवसाच्या गणपतीवाली. आणि ही पुस्तकं माझ्या हातात दिली माझ्या होणाऱ्या नणंदेनं. ती कॉयरमध्ये गाते, बँकेत काम करते आणि रात्री एकपर्यंत सिरियल किलर वाचते. 'द निगोशिएटर' संपवून मी तिला फोन केला आणि सरळ विचारलं, "म्हणजे मला हे वाचायला देऊन तू काही सुचवते आहेस का?"

ती खो खो हसली. "वहिनी, अगं ती अमेरिकन प्रॉटेस्टंट लोकांची पुस्तकं. त्यांच्यात मेरीमाता नाही, नोव्हेना नाही, कन्फेशन नाही. मीपण ती परदेशी म्हणूनच वाचते. आमच्यात बिशपची परवानगी घेतली की झालं."

खरंच आहे ते. कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्ती नसलेल्या माणसाशी लग्न करायला बिशपची परवानगी लागते. माझा धर्म बदलावा लागत नाही. त्याला मात्र वचन द्यावं लागतं, की मुलांना त्याच्या श्रद्धेत वाढवण्यासाठी तो त्याच्या परीनं सगळं करेल. आणि त्यानं असं वचन दिलंय हे मला आधी सांगितलं जातं. पेपरवर्क म्हणून ऐकलं तर दोन ओळींचा मामला. पण एका शनिवारी रात्री केटची घालमेल वाचून झाल्यावर मला या दोन ओळींनी झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सुरुची बीचवर तीन तास तेवढंच बोलत होतो. दोन वर्षांत हा विषय आम्ही मस्तपैकी टाळला होता. सगळं ठरलं का? नाही. पण गणपती कुणाच्या घरी, नाताळ कुणाच्या घरी, यापलीकडे पहिल्यांदाच गेलो.

म्हणूनच या पुस्तकांमधला चांगला-वाईट फरक मला आता पटकन कळतो. वाईट पुस्तकात गाडी दरीत कोसळते, हिरॉइन फांदीला लटकते आणि पुढच्या पॅराग्राफमध्ये तिला साक्षात्कार! अशी पुस्तकं ढिगानं आहेत, आणि ती मी चहा पीत उलटून बाजूला ठेवते. जिनं शंकाच घेतली नाही, तिच्या मानण्यात कसला सस्पेन्स? केटचं तसं नाही. रोज हिंसाचार बघणारी ती पोलीस ऑफिसर. निष्पाप माणसं मरतात तेव्हा तुमचा देव काय करत असतो, हा तिचा प्रश्न हेंडरसन गुळमुळीत करून सोडत नाही. शेवटाकडे केट मानते तेव्हा मी तिच्याबरोबर गेले नाही. पण तिला कुणी ढकललं, असंही वाटलं नाही. न मानणाऱ्या वाचकाकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं मिळणार?

फ्रान्सिन रिव्हर्सच्या 'रिडीमिंग लव्ह'बद्दल मात्र माझं आणि नणंदेचं भांडण आहे. १९९१ ची ही कादंबरी, या सगळ्या प्रकारातली सर्वांत गाजलेली. कॅलिफोर्नियातला गोल्ड रशचा काळ, वेश्यावस्तीतली एंजल आणि तिच्याशी लग्न करणारा मायकेल होशेया. गोष्ट बायबलमधल्या होशेय संदेष्ट्यावरून घेतलेली. २०२२ मध्ये सिनेमाही आला. नणंद म्हणते, असा क्षमाशील नवरा शोधून सापडणार नाही. मी म्हणते, बाई पुन्हा पुन्हा पळून जातेय, तर ती का जातेय हे तिला एकदा नीट विचारा की! हे भांडण लग्नानंतरही चालू राहील, अशी चिन्हं आहेत.

आणि हे सगळं अमेरिकेतलं इम्पोर्टेड फॅड आहे असं म्हणणाऱ्यांसाठी एक छोटीशी आठवण. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. लेखक बाबा पदमनजी, जन्म बेळगावचा, स्वतः ख्रिस्ती झालेले. विधवांच्या हालांची ही गोष्ट. तिच्यात यमुना स्वतःच विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुन्हा लग्न करते. श्रद्धा, संकट आणि शेवटी लग्न! बॉम्ब तेवढा नाही. आपण या फॉर्म्युल्यात जेनेट ओकच्या सव्वाशे वर्षं पुढे होतो, बॉस.

आता सध्याची परिस्थिती. अमेरिकेत ही पुस्तकं मिळायची हक्काची जागा म्हणजे ख्रिश्चन बुकस्टोअर्स, आणि ती धडाधड बंद झाली. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्स २०१७ मध्ये, लाइफवेची दुकानं २०१९ मध्ये. वाट बघण्याचा कारभार स्क्रीनवर आला आणि त्यामुळेच तो वसई-डोंबिवलीपर्यंत पोचला. पूर्वी फाउंटनच्या फुटपाथवर नशिबानं एखादा सुटा भाग मिळायचा, तोही मालिकेतला तिसरा. आता प्री-ऑर्डर केलं की ठरलेल्या तारखेला पुस्तक फोनवर हजर.

आमचीही एक तारीख ठरतेय. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटीस द्यायची, ती तीस दिवस ऑफिसच्या बोर्डावर लागणार, तोवर गप्प बसून वाट बघायची. ते तीस दिवस कसे काढायचे, याचा बंदोबस्त नणंदेनं केलाय. तिनं एका नव्या ट्रिलॉजीचा पहिला भाग मागवून ठेवलाय. अकाउंट तिचं, त्यामुळे वाचायला पहिला नंबर तिचाच. मी तिला एवढंच बजावून ठेवलंय, की खुनी कोण ते सांगितलंस तरी चालेल. पण त्यातली ती पोरगी शेवटी मानते का, आणि मानत असेल तर कुठल्या पानावर, ते मात्र माझं मला वाचू दे.