ऐकणाऱ्यांचा सातबारा कोणाच्या नावावर?

खंडाने घेतलेल्या रानात शहाणा शेतकरी आंब्याची कलमे लावत नाही. का लावत नाही, हे वेगळे सांगायला नको. खड्डे आपण घ्यायचे, पाणी आपण घालायचे, आणि फळ धरायच्या सुमारास मालक म्हणाला, "रान मोकळं करा," तर कलमे काही उपटून नेता येत नाहीत. मशागत कोणी केली हे तेव्हा कोणी पाहत नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे, एवढेच पाहतात.

वाचकहो, आज हाच प्रश्न एका निराळ्या पिकाबद्दल विचारायचा आहे. ते पीक म्हणजे मोबाईलवर ऐकायचे कार्यक्रम. दारे धरताना, धारा काढताना, कांदा निवडताना कानात वायर घालून काहीतरी ऐकत राहायची सवय आता खेड्यापाड्यांतही रुळली आहे. काही तरुण मंडळी तर स्वतःच बोलून असे कार्यक्रम तयार करू लागली आहेत. अशा कार्यक्रमाला पॉडकास्ट म्हणतात. रेडिओसारखीच गोष्ट, फरक इतकाच की याची वेळ ठरलेली नसते. नवा भाग तयार झाला की तो मोबाईलमध्ये येऊन पडतो आणि आपण सवडीने ऐकतो. पण हा कार्यक्रम आपण कोणाच्या रानात लावतोय, हे फार थोडे लोक पाहतात. ते समजून घ्यायचे तर पॉडकास्ट कसा सुरू झाला ते पाहावे लागते, आणि ही हकीकत बहुतेक अमेरिकेतली आहे.

पाणंद कशी पडली

१९९९ च्या मार्चमध्ये नेटस्केप या कंपनीत डॅन लिबी आणि मूळचे भारतीय असलेले आर. व्ही. गुहा यांनी 'आरएसएस' नावाची एक रीत तयार केली. रीत अगदी साधी. एका फाईलमध्ये ठराविक क्रमाने लिहायचे: नवीन काय आले, त्याचे नाव काय, तारीख काय, ते कुठे मिळेल. या फाईलला 'फीड' म्हणतात. ग्रामपंचायतीच्या फळ्यासारखेच म्हणा ना! ज्याला वाचायचे त्याने वाचावे. त्यासाठी नाव नोंदवायला नको की कोणाची परवानगी नको.

२००० सालच्या अखेरीस डेव्ह वायनर यांनी या रीतीत एक भर घातली. नोंदीसोबत आवाजाच्या फाईलचा पत्ताही जोडता येईल अशी सोय केली. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी एक गाणे असे पाठवूनही दाखवले. २००३ मध्ये रेडिओवरचे जुने पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती याच वाटेने ऐकणाऱ्यांपर्यंत जाऊ लागल्या. त्याच वर्षी या रीतीच्या मसुद्याचे हक्क हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे देऊन तो सर्वांना मोकळा करण्यात आला. इथे खरी मेख आहे. रस्ता कोणाच्या नावावर राहिला नाही, तो गावाच्या नकाशात पाणंद म्हणून लागला.

'पॉडकास्ट' हे नाव २००४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या 'गार्डियन' वृत्तपत्रात बेन हॅमर्सले यांच्या लेखात प्रथम आले. त्याच वर्षी ॲडम करी यांनी नवे भाग आपोआप उतरवून घेणारा प्रोग्राम लोकांपुढे आणला आणि स्वतःचा कार्यक्रमही सुरू केला. जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली. मात्र ध्यानात घ्या, ॲपलने रस्ता बांधला नाही, आधीच पडलेल्या पाणंदीवर आपले दुकान थाटले.

आजही काम तसेच चालते. कार्यक्रम करणारा आवाजाची फाईल एखाद्या सर्व्हरवर ठेवतो आणि तिचा पत्ता फीडमध्ये लिहितो. तुमचे ॲप अधूनमधून फीड पाहते, नवी नोंद दिसली की भाग उतरवून घेते. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये टोलनाका नाही.

पाणंदीवर अतिक्रमण

पाणंद म्हटली की अतिक्रमण आलेच. कोणी बांध सरकवतो, कोणी काटेरी फेस टाकतो. इथेही तेच झाले.

पहिले अतिक्रमण पेटंटचे. टेक्सासमधील 'पर्सनल ऑडिओ' या कंपनीला २०१२ मध्ये एक पेटंट मिळाले. भागाभागाने येणारे कार्यक्रम इंटरनेटवरून देण्याची कल्पना आमची, असा तिचा दावा. पॉडकास्ट करणाऱ्यांकडे ती पैसे मागू लागली, दावेही लावले. तेव्हा 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन' या संस्थेने लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि २०१३ मध्ये पेटंटला आव्हान दिले. त्या कंपनीच्या अर्जाआधीच सीएनएन आणि कॅनडाच्या रेडिओने असे प्रयोग केले होते, हे पुराव्यानिशी मांडले. एप्रिल २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने वादातली कलमे रद्द केली. २०१७ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम ठेवले.

आपल्याला हे नवे नाही. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये एका विद्यापीठाला दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने लेखी पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. दोन्ही प्रकरणांचा धडा एकच: जे सर्वांचे आहे, ते सर्वांचे आहे असे कागदावर दाखवता आले पाहिजे.

दुसरे अतिक्रमण पैशाच्या जोराचे. २०१९ मध्ये स्पॉटिफाय कंपनीने गिमलेट आणि अँकर या दोन कंपन्या विकत घेतल्या. पुढे काही गाजलेले कार्यक्रम फक्त स्पॉटिफायवरच ऐकू येतील असे केले, म्हणजे पाणंदीवरून उचलून आपल्या कुंपणात नेले. काय झाले? काही कार्यक्रमांचे तीन-चतुर्थांशापर्यंत श्रोते गळाले, असे तिथल्या कर्मचारी संघटनांनी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले. जो रोगन यांचा कार्यक्रमही २०२० पासून असाच कुंपणात होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा करार झाला आणि तो पुन्हा इतर ठिकाणी मोकळा झाला.

तिसरी गोष्ट दुकान बंद होण्याची. गुगल पॉडकास्ट हे ॲप २०१८ मध्ये आले आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बंद केले. पण ऐकणाऱ्यांचे फारसे बिघडले नाही. आपण कोणकोणते कार्यक्रम ऐकतो त्याची यादी एका फाईलमध्ये काढून घेता आली आणि दुसऱ्या ॲपमध्ये भरता आली. दुकान गेले, रस्ता राहिला. खुल्या रीतीचा फायदा तो हाच.

पैसा कोणाचा, बोलणे कोणाचे

रस्ता मोकळा असला तरी बैलगाडीला वंगण लागते. कार्यक्रम करायला माइक लागतो, सर्व्हरचे भाडे लागते, आणि सगळ्यात जास्त लागतो तो वेळ. हा पैसा येणार कुठून? सोपे उत्तर जाहिरात. जाहिरात वाईटच असते असे नाही. पण माझ्या कामाच्या अनुभवातून एक सांगतो. आम्ही कीड-रोग सर्वेक्षण करतो तेव्हा अनेकदा सल्ला एवढाच असतो की, कीड अजून आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली आहे, फवारणी करू नका. या सल्ल्याने शेतकऱ्याचे पैसे वाचतात, पण तो दिल्याने कोणाचा डबा खपत नाही. आता ज्या कार्यक्रमाचा सगळा खर्च औषध कंपनी उचलते, त्यात "या आठवड्यात काही फवारू नका" हे वाक्य किती वेळा ऐकू येईल, याचा विचार तुम्हीच करा.

म्हणून ऐकणाऱ्यांनी खर्च उचलायची रीत महत्त्वाची. ती पॉडकास्टपेक्षा पुष्कळ जुनी आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे लुईस हिल यांनी एप्रिल १९४९ मध्ये केपीएफए हे रेडिओ केंद्र सुरू केले. जाहिरात नाही, श्रोत्यांची वर्गणी वर्षाला दहा डॉलर. हिल यांचा हिशोब असा की, ऐकू शकणाऱ्या शंभरातल्या दोघांनी जरी वर्गणी दिली, तरी केंद्र चालावे. हिशोब लगेच जमला नाही. १९५० मध्ये पैशाअभावी केंद्र बंद पडले, १९५१ मध्ये श्रोत्यांनी पैसे उभे करून ते पुन्हा सुरू केले. ते आजही चालू आहे.

पॉडकास्टमध्ये हीच वाट ॲडम करी आणि जॉन ड्वोरॅक यांनी धरली. त्यांचा 'नो अजेंडा' हा कार्यक्रम २००७ पासून जाहिरातीशिवाय चालतो. त्यांचे म्हणणे असे: तुम्हाला यातून जेवढे मोल मिळाले, तेवढे परत द्या. तेही पैशातच द्यायला हवे असे नाही. वेळ द्या, कसब द्या, नाहीतर पैसा द्या. कोणी चित्र काढून देतो, कोणी माहिती शोधून देतो. गावच्या बंधाऱ्याला कोणी सिमेंट देतो, कोणी ट्रॅक्टर, तर कोणी चार दिवसांचे श्रमदान, तसेच हे.

लॉस एंजेलिसच्या 'मॅक्सिमम फन' या संस्थेचा प्रकार आपल्याला आणखी जवळचा वाटेल. तिथे वर्गणीदार होताना आपण कोणकोणते कार्यक्रम ऐकतो हे सांगायचे. वर्गणीतला मोठा वाटा त्याच कार्यक्रमांना जातो. आणि २०२३ मध्ये ही संस्था तिथे काम करणाऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. सहकाराच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला यातले बरे-वाईट दोन्ही कळते. सभासदाने लक्ष घातले तर संस्था टिकते, नाहीतर नाव सहकाराचे आणि कारभार चार जणांचा.

रस्त्याची डागडुजीही चालू आहे. २०२० मध्ये ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी 'पॉडकास्ट इंडेक्स' ही सर्वांना खुली सूची सुरू केली. फीडमध्ये वर्गणी देण्याचा पत्ता आणि बोलण्याचा लेखी मजकूर जोडण्याच्या सोयीही या मंडळींनी आणल्या. त्या कोणत्याही ॲपला वापरता येतात.

आता आपण काय करायचे?

ऐकणाऱ्यांसाठी:

१. अँटेनापॉड हे ॲप अँड्रॉइड मोबाईलवर फुकट मिळते. स्वयंसेवकांनी बनवलेले आहे, त्यात जाहिरात नाही. घरी वाय-फायवर भाग उतरवून घ्या, मग रेंज नसलेल्या शिवारातही ऐकता येतो.

२. आपण ऐकतो त्या कार्यक्रमाचा खर्च कोण करते, ते विचारा. उत्तर देणारा लपवत असेल तर सल्ल्यावर विसंबताना दहादा विचार करा.

३. आवडला तर महिन्याला थोडी रक्कम द्या. पैसा नसेल तर आपल्या शिवारातली माहिती कळवा, झालेली चूक दाखवून द्या.

कार्यक्रम करणाऱ्यांसाठी:

१. होस्टिंग घेताना आधी दोन प्रश्न विचारा. फीडचा पत्ता मला मिळेल का? आणि उद्या मी दुसरीकडे गेलो तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नव्या पत्त्याकडे वळवून द्याल का? दोन्हीला "हो" आले तरच पैसे भरा.

२. मूळ आवाजाच्या फाईली स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा. बियाणे घरात असलेले बरे.

३. यूट्यूबवर जरूर जा. गर्दी तिथे आहे, बाजाराच्या दिवशी बाजारात बसावेच लागते. पण तिथली सदस्यसंख्या उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून सोबत स्वतःचे फीडही चालू ठेवा आणि प्रत्येक भागात त्याचा पत्ता सांगा.

४. वर्गणी घेत असाल तर जमाखर्च जाहीर करा. किती आले, कशावर गेले. यात्रेच्या वर्गणीचा हिशोब देवळावर लावतात ना, तसा.

खरे सांगायचे तर या वाटेने कोणी रातोरात श्रीमंत होत नाही. बहुतेक ऐकणारे काही देत नाहीत, थोडे देतात, आणि त्या थोड्यांच्या जिवावर कार्यक्रम चालतो. काही बंदही पडतात. पण जो चालतो, त्याला "फवारू नका" म्हणताना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

तुमच्या तालुक्यात असा कार्यक्रम करणारे कोणी असेल, तर त्याला आधी फीडचा पत्ता मागा. तो नसेल, तर काढायला लावा. एकदा तो मिळाला की या महिन्याची पहिली वर्गणी तुमची असू द्या.